वाचन उपजत येत नाही

घरात चार माणसे बोलत असली की मूल बोलू लागते. घरात चार पुस्तके असली म्हणून ते वाचू लागत नाही. बोलणे माणसासोबत फार पूर्वीपासून आहे, लिपीला मात्र जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक मुलाच्या मेंदूला ती नव्याने घडवावी लागते.

ती घडते कशी, हे फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांनी सविस्तर मांडले आहे. डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग असतो. त्यातलाच एक तुकडा सरावाने अक्षरे ओळखण्यात तरबेज होतो आणि दिसलेले अक्षर ध्वनीशी, मग अर्थाशी जोडले जाते. मोठ्या वयातही मेंदू हे शिकतो. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर महिलांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील दृष्टीशी संबंधित भागांचा आपसांतला मेळ वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

डिस्लेक्सियात गाडी अडते ती बहुधा अक्षर आणि ध्वनी जोडण्यापाशी. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, हे सांगताना असे मूल गोंधळते. मेंदूच्या चित्रणात डाव्या बाजूचे वाचनाशी संबंधित भाग तुलनेने कमी सक्रिय दिसतात. बुद्धी शाबूत असते, नजरही ठीक असते. ही अडचण अनेकदा एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळते. आळस, लाड किंवा मोबाइल यांचा तिच्याशी संबंध नाही. ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्येच चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची नोंद केली होती, ज्याला काही केल्या वाचता येत नव्हते.

‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो, मग मराठीत कसला डिस्लेक्सिया?’ असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ‘सूर्य’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ लिहायला एक, बोलायला वेगळा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. घ-ध, भ-म यांच्यातला फरक एका रेघेचा. उपनगरांतल्या मुलाला तर घरी मराठी किंवा गुजराती, शाळेत इंग्रजी, वर हिंदी असे सगळे एकदम पेलायचे असते. म्हणूनच मुलाची तपासणी त्याच्या भाषेतही व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे.

महाराष्ट्राने या मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासून दिल्या. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईत त्याच वर्षी सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला रीतसर स्थान दिले. प्रमाणपत्रासाठी बोरिवली-अंधेरीचे पालक दादरला गाडी बदलून, मुलुंड-घाटकोपरचे थेट मध्य रेल्वेने सायन रुग्णालय गाठत आले आहेत. वाढीव वेळ, लेखनिक, भाषेत सूट या सवलती न्याय्यच आहेत. त्यांच्याविषयी कुरकुर करणाऱ्यांनी चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाविषयीही कुरकुर करावी.

पण प्रमाणपत्राने गुण वाचतात, मुलाला वाचता येत नाही. दहावी जवळ आली की धावपळ सुरू होते. तोवर ‘ढ’ हा शिक्का खाऊन झालेला असतो, वही लपवणे आणि पोटदुखीचे बहाणे सवयीचे झालेले असतात. खरी वेळ पहिली ते तिसरीची. ध्वनी सुटे करणे, अक्षर पाहणे, मोठ्याने म्हणणे आणि बोटाने गिरवणे, सोप्याकडून अवघडाकडे, रोज थोडे, अशा पद्धतशीर शिकवण्याने वाचन सुधारते. त्यानंतर मेंदूतल्या वाचनाच्या भागांची सक्रियताही वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. गोळ्या-औषधांनी हे साधत नाही.

पालकांनी घाबरून जाऊ नये. सहा वर्षांचे मूल एखादे अक्षर उलटे लिहिते तेवढ्यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही. मात्र दुसरी संपत आली तरी मूल शब्द अंदाजाने ठोकत असेल, तर ‘मोठा झाला की येईल’ म्हणून थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा, मग तज्ज्ञांकडे जा.

शाळांची जबाबदारी याहून मोठी आहे. खासगी शिकवणीची फी परवडणाऱ्या घरातले मूल कसेबसे तरून जाते. चाळीतले, झोपडपट्टीतले मूल वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून राहते आणि एक दिवस शाळाच सोडते. म्हणून पालिकेच्या आणि खासगी प्राथमिक शाळांत दुसरीच्या मुलांची वाचनचाचणी आणि हे शिकवणे जाणणारा एक तरी शिक्षक, एवढी मागणी पालकसभेत लावून धरायला हवी. दहावीला जादा वेळ देणाऱ्या व्यवस्थेने दुसरीत रोज अर्धा तास द्यायला काय हरकत आहे?