इंजिन अमेरिकेहून कशाला?

जुन्या अमेरिकन मोटारींचा नाद असलेल्या मंडळींमध्ये सध्या ‘ओरिजिनल’ हा शब्द फार चालतो. गाडीच्या पत्र्याबद्दल, काचांबद्दल वापरला तर माझी काही तक्रार नाही. इंजिनाबद्दल वापरला की मात्र राहवत नाही. आमच्या भाच्याने या एका शब्दापायी वडिलांच्या डॉजमधले जवळजवळ पन्नास वर्षे चाललेले डिझेल इंजिन भंगारात घालून अमेरिकेतून त्याच जातीचे जुने पेट्रोल इंजिन मागवायचे ठरवले आहे. फोनवर सांगून झाले. तो हा ब्लॉग वाचतो, म्हणून आता इथे सविस्तर लिहितो. (इतर नातेवाइकांनी मध्ये पडू नये. पडायचेच असेल तर माझ्या बाजूने पडावे.)

आधी ही गाडी अमेरिकन किती, ते पाहू. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ सालीच मोटारींची जोडणी सुरू केली होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. सुटे भाग तिकडून पेट्यांमधून यायचे, जोडणारे हात इथले. म्हणजे ‘ओरिजिनल’ गाडीसुद्धा जन्मापासून निम्मी कुर्ल्याचीच.

त्यांतले इंजिन सहा सिलिंडरचे, व्हॉल्व्ह डोक्यात नसून ब्लॉकमध्येच बाजूला असणारे. २१७.८ घन इंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे. इंजिन गरीब स्वभावाचे, पण पेट्रोल प्यायला राक्षस. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा ज्यांच्याकडे या गाड्या होत्या त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या, गाडी विकायची किंवा डिझेल इंजिन बसवायचे. मद्रासच्या सिम्प्सनमध्ये बनणारी पर्किन्स इंजिने त्यासाठी हाताशी होती. आमच्या मेहुण्यांनी १९७६ मध्ये चार सिलिंडरचे पर्किन्स बसवून घेतले. मिस्त्रीने इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारी जाड प्लेट लेथवर स्वतः केली, पुढचे माउंटिंग कापून मागे घेतले आणि रेडिएटर वर उचलला. त्याच्यापुढे ना नकाशा होता ना पुस्तक. या गाडीतले मराठी मुलखात झालेले सर्वांत हुशारीचे काम म्हणजे ती प्लेट आणि आता तीच ‘ओरिजिनल नाही’ म्हणून भंगारात जाणार.

भाच्याचे म्हणणे असे की सरकारचाच नियम आहे. नियम आहे खरा. जुलै २०२१ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नको. वीस हजार रुपये फी भरली की ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. रोजच्या वापराला गाडी काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच काढायची. आयुष्यभर मुलांच्या निबंधांतली वाक्ये तपासली, म्हणून हे वाक्य मला सोडवत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिन मोठी दुरुस्ती न करता चालू ठेवून दाखवा म्हणावे! ज्याने गाडी वापरली, डोंगर चढवली, लग्नाची वरात नेली, त्याची गाडी नियमाबाहेर. ज्याने ती कव्हर घालून गॅरेजात कुजवली, त्याची नियमात.

बरे, नियम तसाच राहिला असे धरू. तरी अमेरिकेहून आणलेले इंजिन त्यात बसते कसे? आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो. मेहुण्यांच्या बुकात आधी कुर्ल्याहून आलेला नंबर होता, मग रीतसर पर्किन्सचा चढला. ओहायोत किंवा टेक्ससमध्ये कोणाच्या तरी गाडीखाली निजलेल्या इंजिनावर तिसराच नंबर असणार. तो जुळत नाही म्हणून काही शहाणे ब्लॉकवरचा आकडा घासून नवा ठोकतात. हा धंदा जगभर चालतो आणि ‘नंबर जुळला पाहिजे’ या हट्टानेच तो पोसला आहे. जो नंबर या गाडीचा कधीच नव्हता, तो ‘ओरिजिनल’ आणि ज्या इंजिनाने ही गाडी पन्नास वर्षे ओढली ते उपरे, हे गणित मला समजलेले नाही.

आणि खरेदीचे काय? क्रायस्लरच्या या इंजिनाच्या दोन लांब्या होत्या, हेडची लांबी २३ इंच किंवा २५ इंच. अमेरिकेत बनलेल्या डॉज-प्लिमथमध्ये आखूड, कॅनडात बनलेल्यांत आणि थोरल्या क्रायस्लर-डिसोटोंत लांब. फोटोत दोन्ही जुळी भावंडे दिसतात. चुकीचे आले तर रेडिएटरला जाऊन टेकते. वजन अडीचशे किलोच्या आसपास, तेव्हा परत पाठवणे विसरा. वापरलेला माल आयात करायला परवान्याची भानगड निराळीच. विकणारा ‘हाताने फिरते’ एवढेच सांगतो. फिरते म्हणजे ब्लॉकला तडा नाही असा अर्थ नव्हे, सिलिंडर धड आहेत असाही नव्हे. म्हणजे एवढा खर्च करून इथे आणल्यावर ते खोलावे लागणारच.

मग गोदामात पोत्यांखाली जे मूळ इंजिन पडले आहे तेच का खोलत नाही? मेहुण्यांनी ते टाकले नव्हते. पेट्रोलच हवे असेल तर ते कोल्हापूरला न्या. उद्यमनगरात अशी कामे करणारे अजून आहेत. सिलिंडर बोअर करायचे, ओव्हरसाइझ पिस्टन आणि रिंगा घालायच्या, क्रँक ग्राइंड करून त्याला जुळणारे बेअरिंग बसवायचे. पिस्टन, गॅस्केट, व्हॉल्व्ह अमेरिकेतून मागवा, खुशाल मागवा. ती पार्सलने येतात आणि त्यांना नंबर नसतो. एक गोष्ट मात्र मिस्त्रीला आवर्जून सांग. वॉटर पंप काढला की त्याच्यामागे ब्लॉकच्या पूर्ण लांबीची पत्र्याची एक नळी असते. मागच्या सिलिंडरांपर्यंत थंड पाणी तीच पोचवते. ती आतल्या आत गंजून जाते, बाहेरून काही कळत नाही आणि मागचे सिलिंडर तापून व्हॉल्व्ह जळतात. ती बदलली नाही तर बाकीचे सगळे काम पाण्यात. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. पंपाचा जुना रबरी पडदा आणि नळ्या त्याला टिकत नाहीत, त्याही बदलाव्या लागतील.

ओरिजिनलवाल्यांनी एकदा क्यूबाकडे पाहावे. १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापार पुरता तोडला आणि तिथल्या शेवरले, ब्यूक, प्लिमथ जागच्या जागी अडकल्या. सुटे भाग बंद. लोकांनी रशियन व्होल्गाची, लाडाची इंजिने बसवली, पुढे जपानी-कोरियन डिझेल बसवली आणि त्या गाड्या टॅक्सी म्हणून चालवून संसार केले. आज जगभरचे प्रवासी हवानात जाऊन त्याच गाड्यांत बसायला पैसे मोजतात. बॉनेट उघडून नंबर पाहिल्याशिवाय बसत नाही असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

डिझेलच्या बाजूने फार बोललो, तर त्याचे दोषही सांगतो. आवाज ट्रॅक्टरसारखा आहे. थंडीत धूर सोडते. मूळ इंजिन कसे मऊ चालायचे ते मी मेहुण्यांच्या शेजारी बसून अनुभवले आहे. त्या चालीसाठी कोणी पेट्रोलकडे वळला तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पाटीवरच्या दोन अक्षरांसाठी वळला तर ठेवीन.

नियम करणाऱ्यांना एवढेच सुचवायचे आहे की गाडी रस्त्यावर असताना रीतसर बदललेले आणि आरसी बुकात नोंदलेले इंजिन, ते बदलून पन्नास वर्षे झाली असतील तर, मूळच मानावे. आमचे पर्किन्स १९७६ चे, म्हणजे तेही त्यात बसेल.

आणि भाचेबुवा, ऑर्डर देण्याआधी गोदामातल्या इंजिनाचे हेड काढून सिलिंडरचे फोटो पाठव. पोती हलक्या हाताने काढ, खाली विंचू असतात.