भरल्या ताटापुढची उपासमार

समोर अन्न असूनही न जेवणारी, किंवा जेवलेले गुपचूप ओकून टाकणारी मुलगी हा आपल्या विचारपत्राचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही साथींना पडेल. आपल्याच एका अभ्यासवर्गात मी हा विषय काढला, तेव्हा ‘हे मलबार हिलचे दुखणे, ते त्यांनाच लखलाभ’ असा शेरा ऐकावा लागला. ज्या देशात कोट्यवधींची चूल दोन वेळा नीट पेटत नाही तेथे या चोचल्यांची चर्चा कसली, असा त्यामागील युक्तिवाद. तो वर्गीय भाषेत मांडलेला असल्यामुळे क्रांतिकारक वाटतो. वस्तुतः तो आळशी युक्तिवाद आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश, २४ टक्के स्थूल आणि ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. कृश स्त्री म्हणजे गरीब स्त्री, एवढेच समीकरण आपण या आकड्यांतून वाचतो. परंतु टंचाईने कृश झालेली आणि भयाने कृश झालेली यांच्यात तराजू भेद करीत नाही. आणि ‘का जेवली नाहीस?’ हा प्रश्न पाहणीच्या तक्त्यात नसतो. ज्या घरात आई सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाते, त्या घरात मुलीने ताट बाजूला सारले तर ते कोणाच्या ध्यानात येणार? त्यातून आमचे कोकण उपासतापासांचे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. आजारी मुलीला लपण्यासाठी इतका सोयीचा आडोसा दुसरा नाही. ती व्रते वाढवीत जाते आणि घरातली वडीलधारी मंडळी तिचे कौतुक करीत राहतात.

उपोषणाचे कौतुक आपल्या चळवळीलाही आहे, आणि ते रास्त आहे. याच जिल्ह्यातील पालगडच्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. पण त्या उपोषणाला मागणी होती, भोवती साथी होते, आणि मागणी मान्य होताच ते सुटणार होते. आमच्या या मुलीच्या उपासाला मान्य करता येईल अशी मागणीच नसते. वजन कितीही उतरले तरी आतला हुकूमशहा समाधान पावत नाही. निग्रह आणि व्याधी यांतील हा भेद ज्यांना कळत नाही, ते तिला ‘हट्टी’ म्हणून मोकळे होतात.

हट्टाचा हा सिद्धांत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ सालीच मोडीत निघाला आहे. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणारे ३६ निरोगी तरुण अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाच्या प्रयोगासाठी स्वेच्छेने पुढे आले. (युद्धविरोधकांचे हे ऋण आपल्या गोटात तरी स्मरले जावे.) सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते मनाचे वर्तन. ते अन्नाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करीनात, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक घास तासन्‌तास चघळू लागले, खिन्न व एकलकोंडे झाले. बंधन उठल्यावर काहींना खाणे थांबवता येईना. अर्थ स्पष्ट आहे. उपासमार कोणत्याही कारणाने सुरू होवो, एका मर्यादेनंतर ती स्वतःच मनाचा ताबा घेते. म्हणूनच उपचाराची पहिली पायरी उपदेशाची नसते. शरीराला नियमित अन्न पोहोचविणे, तेही वैद्यकीय देखरेखीखाली, हे आधी. मनाशी संवाद त्याच्या जोडीने. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट खाऊ घालणेही प्राणघातक ठरू शकते. वारंवार ओकाऱ्या काढणाऱ्या मुलीच्या रक्तातील पोटॅशियम घसरून हृदय बंद पडू शकते, मग ती दिसायला धडधाकट का असेना.

आता ‘मलबार हिल’कडे वळू. फिजी बेटांच्या नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. अंगाने भरलेली स्त्री तिथे सुदृढ मानली जाई. अॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी शाळकरी मुलींना विचारले, तेव्हा वजनासाठी ओकारी काढणारी एकही आढळली नाही. १९९८ साली तोच प्रश्न विचारला, तेव्हा सुमारे ११ टक्के मुलींनी होकार दिला. फिजीच्या या मुली काही धनिककन्या नव्हत्या! बाजार आधी देहाची लाज विकतो, मग त्या लाजेवरचा उतारा विकतो. आज आमच्या वाडीवस्तीवरील मुलीच्या हातातही मोबाइल आहे. २०२५ साली वजन घटविणारी विदेशी इंजेक्शने भारतीय बाजारात उतरली. मधुमेह्यांना व अतिस्थूलांना त्यांचा उपयोग आहे हे मान्य. पण ज्या तालुक्यात आहारतज्ज्ञ नाही तेथे जाहिरात मात्र आधी पोहोचते, हे भांडवलशाहीच्या अग्रक्रमाचे दर्शन होय.

वर्गभेद खरा दिसतो तो उपचारात. धनिकाची मुलगी मुंबईत खाजगी मानसोपचारतज्ज्ञाकडे वर्षभर जाऊ शकते. आमच्याकडील मुलीसाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, बाहेरची बाधा निघते, फार तर टॉनिकची बाटली येते. आणि ‘हिचे लग्न करून टाका’ हा रामबाण उपाय आहेच. राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या रत्नागिरीत आहे. पण त्या फाटकातून आत जाणे म्हणजे वेड्याचा शिक्का, ही भीती इतकी खोल की शेजारची माणसेही ते दार टाळतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्या पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला, विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मनोविकारालाही संरक्षण द्यावे असे बजावले. कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. त्यासाठी आपण एकही मोर्चा काढलेला नाही.

मुली या आजारातून बऱ्या होतात, मुलगेही होतात. (मुलग्यांनाही हा आजार जडतो, आणि लाजेपायी ते अधिकच उशिरा बोलतात.) काळ लागतो, महिने नव्हे तर कधी वर्षे; मध्येच घसरण होते, आणि ती अपयश मानायची नसते. किशोरवयीनांच्या बाबतीत घरच्यांना दोषी न धरता उपचारात सामील करून घेणारी पद्धत उपयुक्त ठरली आहे. जेवणाच्या वेळी कोणीतरी सोबत बसणे, ताटावरून व अंगावरून शेरे न मारणे, आणि डॉक्टरकडे जाताना संगतीला जाणे, ही कामे करायला पदवी लागत नाही.

तेव्हा महिला आघाडीने व युवक शाखेने येत्या महिन्यात जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: मनोरुग्णालयाच्या आवाराबाहेर, सामान्य बाह्यरुग्ण विभागातच, या विकारांसाठी आठवड्यातून एक ठरलेला दिवस, मानसोपचारतज्ज्ञाच्या जोडीला आहारतज्ज्ञ, आणि आशा सेविकांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण, अर्थात त्याचा वेगळा मोबदला देऊन, फुकट नव्हे. तोवर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. तेथे मराठीत बोलता येते.