डावीकडे बघा, मग पाऊल टाका

पापडीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. लेक-जावई दुबईला असतात. नाताळच्या सुट्टीत हे दोघं तिकडे जाणार आणि मोटार भाड्याने घेऊन आठ दिवस भटकणार, असा सासरे-जावयांचा बेत शिजला आहे. त्या लिहितात, "मला बाई धास्ती वाटते. पण बोलले तर हे म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं!"

कळतंय की! संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढणाऱ्या बाईला जीव कसा सांभाळायचा ते कोणी शिकवायला नको. फक्त तिकडे सगळं उलट्या हाताचं असतं, आणि तिथेच आपली सवय आपल्याला दगा देते.

माझीच गोष्ट सांगते. शारजात बाजार करून परत येत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला पाच वर्षांचा नातू. सवयीने उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, पाऊल टाकलं. आणि डाव्या बाजूने गाडी इतक्या जवळून गेली, की पदर उडाला! पोरानेच मला मागे ओढलं होतं. ते तिथेच वाढलेलं, त्याला ठाऊक. मी घरी कोणाला बोलले नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या अंगाने जातात, म्हणून पहिली गाडी उजवीकडून येते. तिकडे ती उजव्या अंगाने जातात, म्हणजे पहिली गाडी डावीकडून. उतरतानाही तेच. आपण रिक्षातून, मोटारीतून डावीकडे उतरतो, कारण कडेची बाजू ती. तिकडे डावं दार उघडलंत, की थेट धावत्या गाड्यांत पाय! माझ्या एका मैत्रिणीने यावर छान युक्ती काढली आहे. परदेशी निघताना ती उजव्या हातात दोन काचेच्या बांगड्या जास्त भरते. जो हात जास्त किणकिणतो, त्या बाजूने उतरायचं. मुलांनाही तिकडूनच उतरवायचं.

आता पट्ट्याचं. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. लांब कशाला जायचं, आपल्याच पालघर जिल्ह्यात ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, दोघंही गेले. पुढचे दोघं जखमी झाले, पण वाचले. अमिरातीत तर २०१७ पासून गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा आहे. साडी असेल तर पदर आधी नीट आवरून घ्या. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. लेकीला दिवस गेले असतील तर हे आवर्जून बघा.

चार वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे वेगळी बैठक लागते, आणि दहा वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवता येत नाही. गाडी ठरवतानाच ती बैठक मागून घ्यावी. आजीची मांडी कितीही मऊ असली, तरी जोराचा ब्रेक लागल्यावर पोर हातात राहत नाही.

यजमान स्वतः चालवणार असतील तर निव्वळ आपल्या लायसन्सवर त्यांना भाड्याची गाडी घेता येणार नाही. एमएच-४८ च्या आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. तो एक वर्ष चालतो, आणि इथलं लायसन्सही बरोबर ठेवायचं. ही कामं इथूनच उरकून निघावं.

खरी नाजूक बाब जावयाची. चालत्या गाडीत जावयाला शिकवायला गेलं, की लेकीचं तोंड आधी वाकडं होतं! तेव्हा निघण्याआधी, चहा पिताना, हसत सांगून ठेवा: "जावईबापू, वळण चुकलं तर चुकू द्या हं. दहा किलोमीटर जास्त पडले तरी आपल्याला काही ८.१२ पकडायची नाही." शेख झायेद रस्त्यासारख्या कित्येक पदरी रस्त्यावर वळण चुकलं म्हणून थांबणं किंवा मागे येणं म्हणजे मरण ओढवून घेणं. आणि चालवताना त्यांचा फोन वाजला तर तो तुम्ही उचला. "आई, द्या इकडे" म्हणाले तरी द्यायचा नाही.

हत्ताच्या डोंगराकडे जाणार असाल तर आणखी एक. आपल्या वसईत वाडी म्हणजे केळी, पानवेली, विहिरीचं गार पाणी. तिकडे वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. डोंगरात पाऊस झाला, की ऊन पडलेलं असतानाही त्यात लोंढा येतो. पावसात तिथे गाडी घालणं हा गुन्हाच धरतात. दुबईत कुठला पाऊस, असं म्हणू नका. एप्रिल २०२४ मध्ये विमानतळसुद्धा पाण्यात गेला होता.

गाडीला नुसता ओरखडा आला तरी पोलिसांचा कागद घ्यावा लागतो, त्याशिवाय गॅरेजवाला हात लावत नाही. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८. हे दोन्ही, लेकीचा पत्ता आणि तिचा फोन कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

ता. क. लेकीसाठी बाटलीचा मसाला नेणार असाल, तर त्यात खसखस नाही ना, ते पाहा. खसखशीला तिथे बंदी आहे, चिमूटभरसुद्धा चालत नाही. तिच्यावाचून वेगळा कुटून घ्या.