बारा दिवसांचे भागीदार

थोर उद्योगपतींची चरित्रे एका ठरावीक थाटात लिहिण्याची प्रथा आहे. नायक पाळण्यात असतानाच मुठी घट्ट आवळून धरतो आणि शेजारच्या आजीबाई तत्काळ भाकीत करतात की, हे मूल हाती आलेले काही सोडणार नाही. पुढे तो अनवाणी शाळेत जातो, मोजक्या पैशांनिशी शहर गाठतो, आणि शेवटच्या प्रकरणात भर चौकात त्याचा पुतळा उभा राहतो. रोनाल्ड वेन यांना या साच्यात बसवू पाहणाऱ्या चरित्रकाराची मात्र मोठी पंचाईत होते. ॲपल या जगविख्यात कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी ते एक. परंतु हा नायक पहिल्या अंकाच्या मध्यावरच, प्रेक्षकांची क्षमा मागून, घरी निघून जातो.

तरीही थाट सोडू नये. १७ मे १९३४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड नगरीत या महापुरुषाचा जन्म झाला. जन्मतःच त्यांनी टाहो फोडला की सुईणीकडे आधी पावती मागितली, याविषयी इतिहास मौन बाळगून आहे. पुढील आयुष्य पाहता पावतीचीच शक्यता अधिक. कारण कागद हा या गृहस्थांचा प्राण होता. आराखडे काढावेत, सुट्या भागांना क्रमांक द्यावेत, कोणता खिळा कोणत्या कप्प्यात आहे याची नोंद ठेवावी, यात त्यांना जो आनंद मिळे तो इतरांना मेजवानीतही मिळत नसेल. अटारी या खेळयंत्रे बनविणाऱ्या कंपनीत ते कामाला होते ते याच गुणांमुळे. तेथेच त्यांची गाठ स्टीव्ह जॉब्स नावाच्या एका तरुणाशी पडली.

त्यापूर्वीचे एक प्रकरण मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. १९७१ च्या सुमारास वेन यांनी लास व्हेगास येथे नाणे टाकून खेळावयाची यंत्रे बनविण्याचा स्वतःचा धंदा काढला होता. तो बुडाला. धंदा बुडाला की दारावरची पाटी रातोरात उतरवून गावच बदलणारे थोडे नसतात. वेन यांनी तसे केले नाही. नोकरी करून त्यांनी देणेकऱ्याचा धर्म पाळला आणि लोकांचे पैसे चुकते केले. ज्याने एकदा बुडीत पेढीचे कर्ज स्वतःच्या पगारातून फेडले आहे, त्याला पुढे ‘उधारी’ हा शब्द ऐकू आला तरी त्याचा हात आपसूक छातीकडे जातो. पुढील सारी कथा या एका सवयीची आहे.

१९७६ साली जॉब्स यांचे वय २१, त्यांचे मित्र स्टीव्ह वॉझ्नियाक यांचे २५ आणि वेन यांचे ४१. दोघा तरुणांनी संगणक बनवून विकण्याचे योजिले होते. भांडवल उभे करण्यासाठी एकाने आपली जुनी मोटारगाडी विकली, तर दुसऱ्याने आपले गणकयंत्र. पेढीची स्थावर मालमत्ता म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे आत्मविश्वास. आणि त्यावर कोणतीही बँक कर्ज देत नाही. त्यातच वॉझ्नियाक यांना आपली रचना एकाच पेढीच्या स्वाधीन करणे पटेना. तेव्हा वेन यांनी दोघांना आपल्या घरी बोलाविले, वडीलधाऱ्याच्या समजुतीने चार गोष्टी सांगितल्या आणि मार्ग काढला. ही मध्यस्थी पाहून जॉब्स यांनी वाटणी सुचविली: आम्हा दोघांना प्रत्येकी ४५ टक्के आणि आमचे भांडण सोडविण्याबद्दल तुम्हाला १० टक्के. दोन भावांच्या वाटणीत मामाला बसवावे तसा हा प्रकार होता. फरक इतकाच की मामाला सहसा चहावर बोळवतात.

भागीदारीचा करारनामा वेन यांनी स्वतः तयार केला. शंभर डॉलरांहून अधिक खर्च करावयाचा तर किमान दोन भागीदारांची संमती हवी, हे कलम त्यात होते. ते कोणाच्या डोक्यातून निघाले असेल हे सांगणे नलगे. १ एप्रिल १९७६ रोजी सह्या झाल्या. तिथीची निवड पाहून नियतीलाही हसू आवरले नसावे. पाठोपाठ वेन यांनी पहिल्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिली आणि पेढीचे बोधचिन्हही रेखाटले. त्यात सफरचंदाच्या झाडाखाली न्यूटन महाशय पुस्तक घेऊन बसलेले असून माथ्यावर एकच फळ लोंबते आहे. फळ पडण्याच्या बेतात आहे आणि खालच्या माणसाला त्याचा पत्ता नाही. आत्मचरित्राचे मुखपृष्ठ इतक्या आगाऊ काढून ठेवणारा दुसरा उद्योजक सापडणे कठीण.

एवढ्यात मोठी मागणी आली. एका दुकानदाराला प्रत्येकी ५०० डॉलर दराने पन्नास यंत्रे हवी होती. एकूण २५,००० डॉलरांचा व्यवहार. माल बनविण्यासाठी लागणारे भाग जॉब्स यांनी उधारीवर उचलले. तरुणांच्या घरी दिवाळी झाली. वेन यांच्या घरी मात्र झोप उडाली, कारण दुकानदार पैसे देण्यात ढिला आहे अशी वार्ता त्यांच्या कानी होती. आणि ही भागीदारी अमर्याद जबाबदारीची होती. नफ्यात वेन यांचा हिस्सा दहा टक्के. परंतु पेढी बुडाली तर सावकार टक्केवारी विचारणार नव्हता, तो ज्याच्यापाशी काही आहे त्याच्या दारी येणार होता. एका भागीदाराची गाडी विकली गेलेली, दुसऱ्याचे गणकयंत्र गेलेले. घर, गाडी आणि शिल्लक असलेले धनको एकटे वेनच. दोन पाखरांच्या मध्ये ओळखीचा वृक्ष तेवढाच उभा होता.

मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी बारसे करतात. वेन यांनी बाराव्या दिवशी, १२ एप्रिल रोजी, रीतसर कागद करून आपले नाव काढून घेतले. हिश्शाचे ८०० डॉलर मिळाले आणि पुढे कोणताही दावा न करण्याबद्दल आणखी १५०० डॉलर. दिवसाला सुमारे १९२ डॉलर पडले; त्या काळच्या मानाने रोज काही वाईट नव्हता. दुकानदाराने पुढे पैसे चुकते केले, ही गोष्ट वेगळी.

ऑगस्ट २०१८ मध्ये या कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरांवर गेले, तेव्हा जगभरातल्या हळहळणाऱ्यांनी पाटीवर दहा टक्क्यांचा हिशेब मांडला. हा हिशेब कच्चा आहे. जानेवारी १९७७ मध्ये भागीदारीची कंपनी झाली, बाहेरचे भांडवल आले, १९८० मध्ये समभाग बाजारात आले. प्रत्येक वेळी जुन्यांचा वाटा पातळ होतो, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. तरीही उरले असते ते वेन यांच्या सात पिढ्यांना मोजता आले नसते, हेही खरेच. स्वतः वेन यांनी वेळोवेळी सांगितले की पश्चात्ताप नाही. त्या दोन वादळांच्या सावलीत आपण जन्मभर कागदपत्रेच लावीत बसलो असतो. पुन्हा बोलावणे आले तेव्हाही त्यांनी नकारच दिला. हाती होती तेवढ्या माहितीवर, एकदा पोळलेल्या माणसाने घेतलेला तो निर्णय होता, आणि त्याला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

कागदांच्या या परमभक्ताचा एक प्रमाद मात्र क्षम्य वाटत नाही. मूळ करारनामा त्यांच्यापाशी होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी तो ५०० डॉलरांना विकला. डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच कागदाला सुमारे १५ लाख ९० हजार डॉलर आले. दहा टक्के सोडले ते भीतीपोटी, हे समजते. परंतु स्वतःच्या हाताने बनविलेला दस्तऐवज?

पुढे नेव्हाडातील पहरम्प या लहानशा गावी राहून वेन यांनी टपाल तिकिटे आणि जुनी नाणी यांचा व्यवहार केला, आत्मचरित्रही लिहिले. कंपनीची एकही वस्तू त्यांच्या घरात नव्हती. २०११ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे एका परिषदेत कोणी तरी त्यांना आयपॅड भेट दिला. आपल्याच पेढीचा तो पहिला माल त्यांच्या हाती आला तेव्हा त्यांचे वय ७७ होते, आणि पावती अर्थातच दुसऱ्याच्या नावावर होती.