विश्लेषण : दुरुस्तीनंतर लॅपटॉप सुरू होत नाही… जबाबदारी कोणाची?

लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून आणला. घरी येऊन बटण दाबले, तर पडदा काळाच. दुकानात फोन केला की ठरलेले उत्तर मिळते, ‘इथून नेला तेव्हा चालू होता.’ मग ‘मदरबोर्ड गेला असेल’ असे निदान होते आणि काही शे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. अशा वेळी नवा खर्च मान्य करण्यापूर्वी एक साधी शंका घ्यायला हवी : मूळ दुरुस्तीच अर्धवट राहिली असेल का?

बिघाड नवा की जोडणीतील चूक?

अनेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड बदलायचा तर बॅटरी, पंखा, प्रसंगी मदरबोर्डही काढावा लागतो. पडदा, पॉवर बटण आणि टचपॅडच्या पातळ पट्टीसारख्या केबल सुटतात. परत जोडताना त्यातील एक जरी तिरकी बसली, तरी यंत्र मृतवत वाटू शकते. म्हणून लक्षण नीट पाहावे. दिवाही लागत नसेल, तर संशय बॅटरीची जोडणी, चार्जरची पिन किंवा बटणाची केबल यांवर जातो. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर रॅम किंवा पडद्याची केबल तपासायला हवी. थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर पंख्याची जोडणी किंवा प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट पाहावी. कंपनीचे चिन्ह दिसते, पण ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो, तेव्हा एसएसडी नीट बसलेली नसते किंवा बायोसमधील सेटिंग बदललेले असते.

घरी काय तपासता येते?

लॅपटॉप न उघडताही बरेच कळते. चार्जर काढावा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढावी आणि पॉवर बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. मग फक्त चार्जर लावून पाहावे. एचडीएमआय केबलने टीव्ही किंवा मॉनिटर जोडावा; तिथे चित्र आले तर मदरबोर्ड बहुधा शाबूत आहे, दोष पडद्याकडे आहे. सुरू करताना ऐकू येणाऱ्या ‘बीप’ किंवा दिव्याची उघडझाप मोजून ठेवावी. तो कंपनीने ठरवलेला सांकेतिक संदेश असतो आणि त्याचा अर्थ कंपनीच्या संकेतस्थळावर सापडतो. नवी डीडीआर५ रॅम बसवली असेल, तर पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. घाईने बटण दाबू नये. मात्र बॅटरी फुगलेली दिसली किंवा जळका वास आला, तर प्रयोग तिथेच थांबवावेत.

४८ अंकी ‘रिकव्हरी की’ का मागितली जाते?

खरे नुकसान इथे होऊ शकते. विंडोजची बिटलॉकर ही सोय साठवलेली माहिती कुलूपबंद ठेवते आणि त्या कुलपाचा संबंध साधारणपणे मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षा यंत्रणेशी असतो. मदरबोर्ड बदलला की विंडोजला यंत्र अनोळखी वाटते आणि ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. ही सोय आपल्या लॅपटॉपवर सुरू आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. ‘की’ बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर संस्थेकडे. ती कुठेच नसेल, तर मायक्रोसॉफ्टही ती नव्याने तयार करून देऊ शकत नाही. अशा वेळी दुकानातून ‘फॉरमॅट मारून देतो’ असा सल्ला मिळतो. त्याने लॅपटॉप सुरू होतो, पण प्रबंध, हिशेब आणि छायाचित्रे जातात. म्हणून ‘की’ शोधून होईपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नये.

दुकानदाराची बाजू काय?

तीही ऐकायला हवी. पाणी सांडल्याचे ग्राहक लपवतात. जुने यंत्र उघडताना कमकुवत झालेला भाग खरोखरच दम तोडतो. पण म्हणूनच काम हाती घेतानाच लॅपटॉपची अवस्था लिहून घेणे दोघांच्याही हिताचे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे दुकान असो वा तालुक्याच्या गावातील, ‘रिकव्हरी की आहे का? बॅकअप घेतला का?’ हे दोन प्रश्न आधी विचारणे हा दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे. ते न विचारता मदरबोर्ड बदलणाऱ्याला नंतर हात झटकता येऊ नयेत.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निष्काळजी दुरुस्ती ही सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पण दुरुस्तीचा हक्क बंधनकारक करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे ग्राहकाच्या हातातील खरा पुरावा म्हणजे बिल.

मग लॅपटॉप ताब्यात घेताना काय करावे?

दुकानातच तो पूर्ण बंद करून दोनदा सुरू करावा. एकदा फक्त बॅटरीवर, एकदा चार्जर लावून. आपल्या फाइल उघडून पाहाव्यात. बदललेला जुना भाग परत मागावा. नव्या भागाचे नाव आणि वॉरंटीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. याला दहा मिनिटे लागतात. ‘इथे चालू होता’ की नव्हता, हा वाद त्या दहा मिनिटांतच मिटतो.