चार कॉर्डच्या पलीकडे



गेल्या महिन्यात आमच्या धाराशिवच्या वस्तीतील एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "भाऊ, पोराला जरा समजावून सांगा. बारावीचं वर्ष अन् रात्रंदिवस गिटार कुटत बसलाय. इकूनच टाकतो ती." आम्ही पडलो कारकून. दिवसभर जमाखर्चाच्या वह्या आणि संध्याकाळी समाजाची कामे. बाप-लेकाचे भांडण मिटवणे हेही समाजकार्यच, म्हणून गेलो. सोबत जुन्या गायन पार्टीचे पेटीमास्तर होते.

मुलगा आधी लाजला, मग वाजवू लागला. मोबाईलवर पाहून तो चार कॉर्ड शिकला होता : सी, जी, ए मायनर आणि एफ. सिनेमाचे गाणे असो की जयंतीचे, खाली हीच चौकडी, याच क्रमाने. मग त्याने स्वतः रचलेले गाणे बहिणीकडून म्हणवून घेतले. ऊसतोडीत जन्म गेलेल्या आजीवरचे. शब्द मनाला भिडले. पण आजीच्या कोयत्याची ओळ आली, तेव्हा खाली गिटार वरातीसारखी वाजत होती.

मास्तर म्हणाले, "हे आपलं वाद्यच नव्हं." आम्ही म्हटले, "मास्तर, तुमची पेटी तरी कुठली?" हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये घडली. परकी आणि आपल्या संगीताला न मानवणारी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले, ते १९७१ साली थोडेसे उघडले. तेवढ्या काळात आमच्या जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी पेटी सोडली नाही. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावी गेली ती याच पेटी-ढोलकीवर. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा संच गिटार आणि गाना घेऊन उभा राहिलाच ना? वाद्य परके नसते. उसनी असते ती चाकोरी.

मास्तर हसले आणि त्यांनी पेटी ओढली. पुढचे दोन तास आम्ही जे शिकलो, ते होतकरू मुलांसाठी येथे देतो.

कॉर्ड म्हणजे एक स्वर सोडून एक, असे तीन स्वर एकत्र. पांढरी एक पट्टी धरा. सा-ग-प हा सी. रे-म-ध हा डी मायनर. ग-प-नि हा ई मायनर. म-ध-सा हा एफ. प-नि-रे हा जी. ध-सा-ग हा ए मायनर. सातवा नि-रे-म अवघडलेला, तो सध्या बाजूला ठेवा. सा, म आणि प यांवरचे कॉर्ड उजळ. रे, ग आणि ध यांवरचे मायनर म्हणजे झाकोळलेले. सा हे घर. प वरच्या कॉर्डमध्ये नि आहे, आणि नि ला सा ची ओढ असते. म्हणून जी वाजला की कान घरी परतायला बघतो.

आता क्रम कसा बांधायचा? आधी चाल पक्की म्हणा. ठेक्याचा जोर कोणत्या स्वरावर पडतो ते पाहा. तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे, त्यातून निवडा. कोयत्याची ओळ ग वर थांबत होती. ग सी मध्ये आहे, ई मायनरमध्ये आहे आणि ए मायनरमध्येही आहे. एकच स्वर, तीन वाटा. मुलाने तिन्ही वाजवून पाहिले. सी ला लग्नघर, ए मायनरला रडगाणे. ई मायनरला मात्र ओळ उभी राहिली, फडात पहाटे उभ्या राहिलेल्या बाईसारखी. हा कॉर्ड त्याच्या चौकडीत नव्हताच!

पुढच्या ओळीत कोमल नि होता. त्याखाली जी लावला की शुद्ध नि शी टक्कर. मुलगा म्हणाला, "मग चाल बदलू का?" मास्तर कडाडले, "चाल आजीची हाय, ती नाही बदलायची! बाजा बदल." तेथे जी मायनर बसला. त्याला एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. बोटे दुखली, पण ओळ जागेवर आली.

बहिणीचा गळा काळी दोनचा. त्यासाठी तिसऱ्या पट्टीवर कॅपो लावला. बोटांच्या जागा त्याच, आवाज तिच्या पट्टीत.

शेवट राहिला होता. शेवटची ओळ विचारते की मुकादमाची उचल फिटली का? मुलगा सवयीने सी वर आला, घरी. मास्तरांनी मान हलवली. "फिटली का रे?" मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने जी वरच हात थांबवला. प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

दारात त्याचे वडील उभे होते. गाणे आपल्या आईवर आहे, हे त्यांना त्या रात्रीच कळले. ते काही बोलले नाहीत. गिटार विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अभ्यासाचा मात्र निघाला, आणि तो निघायलाच हवा. रात्री नऊपर्यंत पुस्तक, त्यानंतर तासभर गिटार, असे आमच्यासमोर ठरले.

पालकांनो, पोराच्या हातातले वाद्य काढून घेण्याआधी एकदा त्याचे गाणे पुरते ऐका. आणि मुलांनो, मोबाईलवरचे चार कॉर्ड अवश्य शिका, ती बाराखडी आहे. पण बाराखडीवर कोणी थांबत नाही. आपल्या शब्दाला कोणता स्वर शोभतो, हे आपणच ठरवायचे असते.

जयभीम!