वृद्ध शल्यरुग्णांचा रक्तदाब : नेइगुआन, मर्म आणि सर्पगंधा

मनगटाच्या वळीपासून कोपराच्या दिशेने सुमारे तीन बोटांवर, दोन कंडरांच्या मधोमध, चिनी वैद्यकातील ‘नेइगुआन’ हा बिंदू येतो. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरील बाजूस ‘झूसानली’. अशा बिंदूंवर सुई न टोचता त्वचेला विद्युत्पट्ट्या चिकटवायच्या व सौम्य प्रवाह सोडायचा, ही पद्धत चीनमधील रुग्णालयांतून शस्त्रक्रियेच्या वेळी वापरली जाते. भुलेनंतर वृद्धांचा जो रक्तदाब उतरतो, तो या उपायाने सावरतो काय, याचा शोध तेथे अलीकडच्या वर्षांत घेतला जात आहे. हे वृत्त कानी येताच ‘ही तर आमचीच मर्मचिकित्सा’ असे उद्गार आम्ही वैद्यबंधूंच्या बैठकीत ऐकले. त्या उद्गाराविषयी थोडे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम मूळ प्रश्न पाहू. मणक्यातून भूल दिली की रक्तवाहिन्यांचा ताण राखणाऱ्या सिंपथेटिक नाड्या बधिर होतात, वाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साठते आणि दाब घसरतो. तरुण शरीर नाडीची गती वाढवून व इतर वाहिन्या आकसून तोल सावरते. वृद्धाच्या वाहिन्या ताठर, हृदयाचा प्रतिसाद मंद, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू. दाब फार वेळ खाली राहिला तर मूत्रपिंड व हृदय यांना इजा पोहोचू शकते. भूलतज्ज्ञ शिरेतून द्रव देतात. एफेड्रिन, फिनाइलेफ्रिन वा नॉरएपिनेफ्रिन देतात. या औषधांची मात्रा कमी करता आली तर ते रुग्णाच्या हिताचेच. चिनी शोधकांचा प्रश्न एवढाच आहे, आणि तो मोजता येतो.

उत्तर मात्र अद्याप पक्के नाही. २००८ साली जपानी भूलतज्ज्ञांनी सिझेरियनच्या स्त्रियांवर केलेली चाचणी आशादायक होती. पण ती लहान होती आणि त्या स्त्रिया तरुण होत्या. वृद्धांवरील चाचण्यांतही काही निष्कर्ष अनुकूल आहेत. तथापि बहुतेक काम एकेका रुग्णालयातले. शिवाय प्रवाहाची झिणझिण रुग्णाला जाणवते, त्यामुळे खरा उपचार कोणाला व खोटा कोणाला हे लपविणे कठीण. याच नेइगुआनचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवरील उपयोग तुलनेने भक्कम पुराव्यावर उभा आहे. त्यासाठी बेलफास्टपासून हाँगकाँगपर्यंत अनेकांनी १९८० च्या दशकापासून कष्ट घेतले. कॅलिफोर्नियातील प्राणिप्रयोगांत तर याच जागेच्या उत्तेजनाने चढलेला दाब उतरल्याचे दिसले. तोच बिंदू चढलेले उतरवतो आणि उतरलेले सावरतो, हे ऐकून आमच्यापैकी अनेकांना ‘साम्य’ शब्द आठवेल. आठवू द्यावा, मात्र शब्द आठवणे म्हणजे सिद्धता नव्हे.

आता मर्माविषयी. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली ती कशासाठी? शस्त्र चालविताना ती वाचवावीत, आघात झाला तर परिणाम काय हे ओळखावे, यासाठी. प्रकोष्ठाच्या मध्यावरील इंद्रबस्ती हे कालांतर-प्राणहर मर्म, मनगटावरचे मणिबंध हे रुजाकर. तेथे प्रवाह सोडून रक्तदाब राखण्याचा विधी संहितेत नाही. मर्म हे रक्षणाचे स्थान आणि नेइगुआन हे उत्तेजनाचे. दोन्ही जवळजवळ आले म्हणून एक ठरत नाहीत. चिनी बिंदूला संस्कृत नाव चिकटवून आपले शास्त्र मोठे होत नाही. उलट सुश्रुताचा मूळ हेतूच झाकला जातो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकपथकातून १९३८ साली चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजॉय बसूंनी पुढे ॲक्युपंक्चर चीनमध्ये शिकून कोलकात्यास आणले, आणि ते चिनी विद्या म्हणूनच आणले. तो प्रामाणिकपणा आम्हांस अधिक भावतो.

या विषयात आपले खरोखरचे काही असेल तर ते आहे सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावरील अनुभव प्रसिद्ध केले आणि जग रक्तदाबासाठी तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पुढचा भाग सहसा सांगत नाही. रेसर्पिन नाडीटोकांतील नॉरएपिनेफ्रिनचा साठा रिकामा करते. ज्या साठ्याच्या आधारे एफेड्रिन मुख्यतः दाब चढवते, तोच आटलेला असतो. १९५० च्या दशकातच भूलतज्ज्ञांनी याविषयी सावध केले होते. भीती पुढे काहीशी अतिरंजित ठरली, परंतु औषध चालू आहे हे भूलतज्ज्ञास ठाऊक असलेच पाहिजे, यात दुमत नाही. आदल्या दिवशी गोळी थांबवूनही भागत नाही. परिणाम कित्येक दिवस टिकतो.

आमचीच चूक सांगतो. खुब्याचे हाड मोडलेले एक वृद्ध गृहस्थ शस्त्रक्रियेस गेले. झोपेसाठी आम्ही दिलेली सर्पगंधा घनवटी ते महिनोन्‌महिने घेत होते. ‘औषधे कोणती चालू?’ या प्रश्नास त्यांनी ‘काही नाही’ असे उत्तर दिले, कारण वैद्याची गोळी त्यांच्या लेखी औषध नव्हती. भुलेनंतर दाब घसरला आणि सावरण्यास नेहमीपेक्षा वेळ लागला. दोष घनवटीचाच, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण चिठ्ठी आम्ही दिली नव्हती, हे खरे.

तेव्हापासून साठीपुढील रुग्णास शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की आम्ही कागदावर कल्पाचे नाव, मात्रा आणि शेवटची मात्रा घेतल्याची तारीख लिहून देतो, व तो कागद भूलतज्ज्ञाच्याच हाती द्यावा असे नातेवाइकांस बजावतो. औषध थांबवायचे की नाही, ते भूलतज्ज्ञाशी बोलूनच ठरते. औषधी विक्रेत्यांना आमची विनंती आहे : सर्पगंधेचे कल्प नेहमी नेणाऱ्या वृद्ध गिऱ्हाइकास ‘लवकरच काही ऑपरेशन आहे का?’ एवढे विचारावे, आणि पुडीवर वा बिलावर कल्पाचे पूर्ण नाव स्पष्ट अक्षरांत लिहावे. ‘झोपेची गोळी’ असे लिहू नये.